तांबड्या कोंबड्याच्या लेकी

धुळ्याच्या बसमध्ये शिंदखेड्याला एक धोतरवाले आबा माझ्या शेजारी येऊन बसले. मांडीवर टोपली होती, तिच्यावर फडकं आणि आत कोंबडी. ती हलली की आबा फडक्यावरूनच तिला थोपटायचे.

"कुठे नेता हिला?" मी विचारलं.

"खाटीकले देस, अक्का."

हिच्या अंड्यांना धड कवचच धरत नव्हतं. खुडूक बसली की अंडी पोटाखालीच फुटायची. चुना, शिंपल्यांचा भुगा, सगळं चारून झालं होतं. हिच्या बहिणींचंही तेच झालं आणि त्याही खाटकाकडेच गेल्या.

"आई एकच का सगळ्यांची?"

"नही. बाप एक शे." आबांचा चेहरा खुलला. तांबडा कोंबडा, केवढा तुरा, कशी चाल, हे त्यांनी बसल्या जागी मान ताठ करून दाखवलं. मग सहज सांगितलं, की जनावरांचा डॉक्टर म्हणतो, खोट कोंबड्याच्या रक्तात आहे, ती लेकींत उतरते.

"मग कोंबडा कापा."

"कोंबडानं काय, अक्का? अंडं तर कोंबडी देस."

मूल होत नाही म्हणून माहेरी धाडलेल्या सुना मी कमी पाहिल्या नाहीत. त्यामुळे वाद घातला नाही. कोंबडी मीच विकत घेतली. मला पिल्लं नकोत, आणि अंडं मी फोडूनच खाते.

धुळ्याला उतरताना आबांनी फडकं तेवढं परत घेतलं. "लागनी तं आजून कोंबड्या शेतस घर," ते अभिमानाने म्हणाले. "बठ्ठ्या त्या तांबडा कोंबडान्याच लेकी."