निळ्या दोऱ्याची पदकं

ती घटना विसरावी म्हणून निवृत्तीनंतर बरेच प्रयत्न केले, पण जमलं नाही. लोक अजूनही त्या तपासाबद्दल माझं कौतुक करतात आणि मला ते ऐकवत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नाव कुणाचंच सांगणार नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. गावात एका संस्थेचं छोटं संग्रहालय होतं. फुटक्या मूर्ती, जुन्या बंदुका, पेंढा भरलेला बिबट्या, आणि एका कोपऱ्यात काचेच्या पेटीत एका शहीद जवानाची चार पदकं, एकाच पट्टीवर ओळीने लावलेली. हा जवान चामोर्शीकडच्या खेड्यातला. सीमेवर मारला गेला तेव्हा त्याचा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याच्या बायकोने पदकं संग्रहालयाला दिली, कारण तिचं घर कुडाचं होतं आणि तिला चोरीची भीती वाटत होती. दर सव्वीस जानेवारीला ती मुलाला घेऊन यायची, पदकं काढून पुसायची, आणि फीत कुठे उसवली असेल तर तिथे टाका घालायची.

एके दिवशी संग्रहालयाचा लिपिक फिर्याद घेऊन आला. पदकं गेली होती. मी पंच घेऊन गेलो. पेटीचं कुलूप शाबूत, काच शाबूत, दाराला ओरखडाही नाही. लिपिकाने पाहुण्यांची नोंदवही आणून माझ्यासमोर उघडून धरली. आठ दिवसांपूर्वीची नोंद होती. ‘माझ्या वडिलांच्या पदकांवर धूळ आहे. फीत कसरीने खाल्ली आहे. सांभाळता येत नसेल तर आम्हाला परत द्या.’ खाली पूर्ण नाव, गाव आणि मोबाईल नंबर. जवानाचाच मुलगा.

चोरीचं कारण स्वतःच्या अक्षरात लिहून, खाली फोन नंबर देणारा चोर मी आख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. पण त्या दिवशी हे माझ्या डोक्यात आलं नाही. संशयित हाती लागला की पोलिसाला बाकीचं दिसेनासं होतं.

मुलगा बी.ए. झालेला, काटक, बोलायला कमी. तीन दिवस त्याला सकाळी बोलवायचं आणि संध्याकाळी सोडायचं, असं चाललं. अटक दाखवली नाही, त्यामुळे कागदावर आम्ही स्वच्छ होतो. गावाला मात्र तो तीन दिवस ठाण्याच्या बाकावर बसलेला दिसत होता.

“कुलूप न तोडता पेटी कशी उघडली?” मी पुन्हा पुन्हा विचारत होतो.

“मी नाई उघडली साहेब. मले पाह्यजे असते तर चोरी काऊन केली असती? मागितलीच तर होती लिहून.”

हे उत्तर मला उद्धट वाटलं. मी त्याच्या थोबाडीत मारली. फाईलमध्ये हे कुठेही नाही, म्हणून इथे लिहितो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई डबा घेऊन आली. “जयभीम साहेब,” म्हणाली आणि उभीच राहिली. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि गोड बोलून विचारलं, “बाई, ती पेटी उघडते तरी कशी?”

“कुलूप नुसतं दिसाले हाये जी. डावीकडून काच वर उचलली का निघते. दरसाली मी अन् माहा पोरगा तसेच काढतो.”

आपण साहेबांना मदत करतो आहोत असं तिला वाटत होतं. मी तिचा जबाब नोंदवून घेतला, तिला वाचून दाखवला आणि सही घेतली. तिच्या मुलाविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा तिने स्वतःच्या सहीने मला दिला. संध्याकाळी तिने रिकामा डबा उचलला आणि माझे आभार मानून गेली.

त्याच आठवड्यात टपालात चारित्र्य पडताळणीचा एक कागद आला. ठाण्याचं कारकुनी टेबल सांभाळणारा हवालदार माझ्याकडे आला. झाडीपट्टीतलाच माणूस, केस पांढरे झालेला.

“साहेब, हा तोच पोरगा होय. फौजेत निवड झाली त्याची. धावनं, डाक्टरी, सगळं पास. आपला कागद गेला का झालं.”

“मग?”

“आठ दिवस टेबलात ठेवून घेऊ का? हा पोरगा चोरीतला वाटत नाई मले.”

माझ्या ठाण्यात कागद टेबलात राहत नसे. आला त्याच दिवशी निकाली, ही माझी शिस्त होती आणि तिच्यासाठी मला वरून दोनदा प्रशंसापत्र मिळालं होतं. मी म्हणालो, “जे खरं आहे ते लिही आणि आजच पाठव.” त्याने लिहिलं, ‘चोरीच्या गुन्ह्यात संशयित, चौकशी चालू आहे.’ मी सही केली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पाचव्या दिवशी चंद्रपूरहून माझ्या खबऱ्याचा फोन आला. हा माणूस जुनी नाणी विकायचा. कुणीतरी फौजी पदकांचा फोटो पाठवून गिऱ्हाईक शोधत होता. त्याने तो फोटो मला पाठवला. मी आधी लिपिकाला दाखवला.

“ही आपली नाईत साहेब,” तो लगेच म्हणाला. “अशी पदकं कोन्याही फौजीकडे राह्यतात.”

फोटो मोठा करून बघायचीही त्याला गरज वाटली नाही. तिथे प्रथम माझ्या मनात पाल चुकचुकली. मी जीप पाठवून मुलाच्या आईला, त्या बाईंना आणलं. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

“ही आमचीच होत. तिसऱ्या फितीवर निळा दोरा दिसते का? तो टाका माहा हाये. घरात दुसरा दोरा नव्हता. दोन टाके उलटे पडले, त्या दिवशी चष्मा इसरली होती मी.”

मी फोटो मोठा केला. निळा दोरा होता आणि दोन टाके उलटे होते.

पुढचं काम सोपं होतं. खबऱ्याच्या ओळखीने बनावट गिऱ्हाईक पाठवलं, सोबत दोन पंच. चंद्रपूरच्या एका लॉजवर मधला माणूस पदकांसह सापडला आणि त्याने पहिल्याच प्रश्नाला लिपिकाचं नाव घेतलं. लिपिक दहा मिनिटांत रडायला लागला. पदकं त्यानेच काढून विकायला दिली होती. संग्रहालयातल्या वस्तूंची वर्षाची मोजणी जवळ आली होती, त्यामुळे चोरी झाल्याचं त्याला दाखवावंच लागणार होतं. मुलाची नोंद पाहिली आणि त्याला माणूस आयता मिळाला. वहीचं ते पान त्यानेच माझ्यासमोर उघडून धरलं होतं. मीही ते मुकाट्याने वाचलं.

त्याच दिवशी मी दुसरं पत्र लिहिलं. मुलगा निर्दोष आहे, आधीचा अहवाल रद्द समजावा. वर तांबड्या शाईने ‘तातडीचे’. भरती कार्यालयात फोन केले, स्वतः जाऊन आलो. तिथला अधिकारी सभ्य होता. म्हणाला, यादी बंद झाली, पुढच्या भरतीत येऊ द्या. पुढच्या भरतीला मुलाचं वय बसत नव्हतं.

संग्रहालयाने पदकं परत आल्याचा कार्यक्रम केला. मला शाल आणि नारळ मिळाला. बाईही आल्या होत्या. मी जवळ जाऊन हात जोडले, पण या वेळी त्या जयभीम म्हणाल्या नाहीत.

“तुमी त्याच्या बापाची पदकं आनली साहेब,” त्या म्हणाल्या. “त्याले सोताचं एक भेटलं असतं.”

एवढं बोलून त्या निघाल्या. फितीला हातही लावला नाही. माझ्या हातात शाल होती आणि ती कुठे ठेवावी हे मला सुचत नव्हतं.

मागच्या वर्षी कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात सुरक्षा सल्लागाराची जागा निघाली म्हणून मी भेटायला गेलो. फाटकावर गार्डच्या गणवेशात तोच मुलगा उभा होता. अंगाने भरला होता, मिशी राखली होती. त्याने मला ओळखलं हे लक्षात आलं, कारण माझ्या चेहऱ्याकडे बघणं त्याने टाळलं. रीतीप्रमाणे सलाम केला आणि नोंदवही पुढे सरकवली.

“नाव, गाव, फोन नंबर, येण्याचं कारण. समदं खरं लिहा साहेब.”

मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, नंबर लिहिला. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. नोकरी मागायला आलो होतो. तेही त्याच फाटकावर, जिथे तो माझ्या त्या सहीमुळे उभा होता. मागे एक ट्रकवाला हॉर्न देत होता.

मी वही मिटून परत दिली आणि आलो तसा गाडीत जाऊन बसलो. छत्तीस वर्षं मी खरं तेच लिहिलं आणि वेळेवर लिहिलं. तो एक कागद आठ दिवस टेबलात राहू द्यायला हवा होता. हवालदाराला ते कळलं होतं.