लाँचवरचं पावसाचं पाणी

गव्हाणच्या खाडीत, चिखलात अर्धी रुतलेली एक जुनी लाँच होती. चाळीस फूट लांब आणि जेमतेम आठ फूट रुंद. पूर्वी ती प्रवासी नेत असे. पूल झाले, रस्ते झाले, तशी माणसं एसटीनं जाऊ लागली आणि मालकानं फेऱ्या बंद केल्या. सत्तावीस वर्षं तिच्या इंजिनावर काढलेल्या नाथन आपटेकरनं मालकाला एवढंच विचारलं, "मी तिच्यावर राहू का?" मालक म्हणाला, "राहा. कुणी लोखंड तरी काढून नेणार नाही."

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. बायको रिबेका दोन वर्षांपूर्वी वारली होती. दोघे भाऊ कधीच इस्रायलला गेले होते, आणि मुलगी झिल्पाही लग्न करून तिकडेच. पनवेलच्या भाड्याच्या खोलीत रिबेकाची रिकामी खाट त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. शनिवारी ज्यूंच्या सिनेगॉगात प्रार्थनेला नियमाचे दहा पुरुष जमवायचे तर निरोप धाडावे लागत, आणि तरी कधी सात, कधी आठच जमत. नाथननं खोली सोडली आणि ट्रंक घेऊन लाँचवर आला.

लाँचवर सगळं होतं, पाणी तेवढं नव्हतं. चहूकडे खारं पाणी. गावातल्या विहिरीवरून कळशी आणायची तर बांधावरून वीस मिनिटं चालायचं, आणि त्याचा उजवा गुडघा तर जिना चढतानाही कुरकुरायचा. म्हणून त्यानं पाऊस धरायचं ठरवलं.

टपाच्या पत्र्याच्या कडेला त्यानं उभा चिरलेला प्लॅस्टिकचा पाइप पन्हळीसारखा बांधला. त्याच्या तोंडाला रबरी नळी. सर आली की पहिली दहा मिनिटं नळी खाडीत सोडायची, कारण पत्र्यावर खारी वाफ बसलेली असे आणि बगळ्यांची घाण. पाणी जिभेवर गोड लागलं की नळी पिंपात. पिंपाच्या तोंडावर रिबेकाच्या जुन्या पातळाची चौपदरी घडी, आत तुरटीचे चार वेढे. एका बाजूचं पिंप भरलं की दुसऱ्या बाजूचंही भरायचं, नाहीतर लाँच कलंडायची. हे तो पहिल्याच वर्षी शिकला. झोपेतून खाली गडगडला होता.

दिवसाला एक बादली. त्यात पिणं, भात, चहा, अंग पुसणं. शुक्रवारी संध्याकाळी त्याच पाण्यात काळ्या मनुका भिजवून तो शब्बाथचं, विसाव्याच्या पवित्र दिवसाचं, सरबत करी, दिवा लावी आणि आशीर्वाद मोठ्यानं म्हणे. ऐकायला कुणी नसे. होडी घेऊन चिंबोऱ्या धरायला येणारी भामा कधी थांबे.

"काका, एकलं काय बोलताव?"

"देवाशी बोलतो गं."

"मंग बरं हाय," म्हणून ती वल्हं मारी.

त्र्याण्णवच्या मेमध्ये झिल्पाचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये येते, ओर्लीला घेऊन, चार दिवस तुमच्याकडे राहू. नात ओर्ली सात वर्षांची. नाथननं तिला फोटोतच पाहिलं होतं.

त्या पावसाळ्यात त्यानं एक सरही वाया जाऊ दिली नाही. तिसरं पिंप आणलं, तेलाचे डबे राखेनं घासून उन्हात वाळवले. पोरीला रोज आंघोळ लागेल, झिल्पाला केस धुवायला पाणी लागेल. स्वतः मात्र पाऊण बादलीवर आला. आणि पाणी गाळताना तो एक उत्तर घोकत असे. झिल्पा म्हणणार, पप्पा, आता चला आमच्याकडे. मग आपण म्हणायचं, नाही गं पोरी, माझं इथं ठीक आहे. ती पुन्हा म्हणेल. तिसऱ्यांदा म्हणाली तर? तिथं तो अडायचा.

त्या दोघी शुक्रवारी दुपारी आल्या, नेमक्या ओहोटीला. चिखलाचा वास सुटला होता, लाँच एका अंगावर टेकली होती. ओर्ली आईला बिलगूनच फळीवरून आत आली. नाथननं तिला ऊन पाण्यानं आंघोळ घातली. तांब्यामागून तांब्या पाणी डोक्यावरून ओतलं तशी ती खिदळली, हिब्रूत काहीतरी ओरडली.

"काय म्हणते?"

"म्हणते, पाणी किती मऊ आहे."

तो इतका खूश झाला की झिल्पाला पन्हळ, नळी, पातळाची घडी, सगळं दाखवत सुटला. ती ऐकत राहिली. "सगळं एकट्यानं केलंत, पप्पा?" तिनं विचारलं. "मग! कुणाची गरजच पडत नाही," तो म्हणाला.

चार वाजता भरती आली, लाँच करकरत सरळ झाली आणि ओर्ली भोकांड पसरून रडू लागली. ती काही केल्या थांबेना. झिल्पा खाली मान घालून म्हणाली, "नवीन पनवेलला मिताली आहे, माझी शाळेतली मैत्रीण. आम्ही तिच्याकडे राहतो, पप्पा. तुम्ही या भेटायला."

"हो हो, पोरीला त्रास नको," असं म्हणून त्यानं बॅग उचलली आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. परतल्यावर दिवा लावला. पेले तीन मांडले होते. दोन पुसून ठेवले.

रविवारी तो मितालीच्या घरी जाऊन आला. गप्पा झाल्या, जेवण झालं. झिल्पानं त्याच्यासाठी आणलेला स्वेटर दिला. पण ते वाक्य ती बोलली नाही. मंगळवारी त्या गेल्या.

तीन पिंपं भरलेली तशीच. एकट्याला ती सरेनात. पुढं पाण्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या, तेव्हा त्यानं दोन पिंपं खाडीत उपडी केली.

ऑक्टोबरात झिल्पाचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, "पप्पा, तुम्हाला घेऊन जायचं ठरवूनच आले होते. पण तुमची व्यवस्था पाहिली आणि तोंड उघडलं नाही. तुम्ही इतके सुखी दिसलात. उगाच कशाला उपटून न्यायचं?"

नाथननं ते पत्र चार वेळा वाचलं. उत्तराचे दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, "झिल्पा, मी तुला पाणी दाखवलं, बाकीचं दाखवलं नाही. माझ्याशी दिवसभर कुणी बोलत नाही. तू विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो. तरी विचारायला हवं होतंस."

पनवेलच्या पोस्टात पत्र टाकल्यावर त्याला लाज वाटली. ते परत मिळेल का, असंही त्यानं खिडकीवर विचारलं. मिळत नव्हतं.

तीन आठवड्यांनी मितालीचा निरोप आला. रविवारी सकाळी तिच्या घरी झिल्पाचा फोन येणार होता. फोनमध्ये खरखर होती. पलीकडून झिल्पा रडत होती. "पप्पा, या. ऐकताय ना? या." पाठ केलेलं उत्तर त्याला आठवत होतं. पण तोंडून निघालं, "कधी येऊ?"

कागदपत्रांत सव्वा वर्ष गेलं. पंचाण्णवच्या फेब्रुवारीत तो निघाला, तेव्हा एसटीपर्यंत एकटी भामा आली.

"काका, पत्र टाका."

"तुला वाचता येत नाही, भामा."

"वाचून घेन की कुनाकडून. तुमी टाका तर."

त्यानं मान हलवली. गाडी सुटली तेव्हा तो खिडकीशी बसला होता, त्या उकाड्यातही अंगात लेकीनं दिलेला स्वेटर घालून.