वेचाई खात्यातला लाल दोरा

सूतगिरणीत माझ्या हाताखाली वेचाईला बायका होत्या. त्यांच्यातल्या एकीचं मी वाटोळं केलं. हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणी मला गरीब बिचारी समजायला नको.

तलासरीजवळच्या त्या गिरणीत पूर्वी वेचाई खातंच नव्हतं. परदेशी कापसाच्या गाठी यायच्या, स्वच्छ. फोडल्या की सरळ मशीनमध्ये. मग देशी कापूस वापरणाऱ्या गिरण्यांना सरकारने करात सवलत दिली आणि आमच्या शेठना एकाएकी देशप्रेमाचं भरतं आलं. देशी गाठी आल्या. कापूस चांगला होता हो, पण त्यात काय नव्हतं ते विचारा! केस, कोंबडीची पिसं, गुटख्याच्या पुड्या, प्लॅस्टिकच्या गोणीचे धागे. एक रंगीत धागा जरी सुतात गेला तरी पांढऱ्या कापडावर त्याची रेघ दिसते आणि माल परत येतो. हा कचरा हाताने वेचायला उधव्याकडच्या पाड्यांवरून बायका आणल्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला सरावलीहून मी.

सवलत आहे तोवर वेचाई आहे आणि वेचाई आहे तोवर मी आहे, एवढं गणित मला चांगलं कळत होतं. त्यामुळे मी कोणाची गय करत नसे. पांढरा कोट, डोक्याला टोपी, अंगावर रंगीत काही नाही. बांगड्या नाहीत, गजरा नाही, हातात दोरा नाही. सकाळी दारात कात्री घेऊन उभी राहायचे. "हात दाखव!" की हात पुढे. दोरा दिसला की कच्चकन कापायचे.

माझ्या स्वतःच्या मनगटावर मात्र देवीच्या जत्रेतला लाल-पिवळा दोरा होता, घड्याळाच्या पट्ट्याखाली. तो देवाचा ना! त्यांचे भगताने मंतरून दिलेले, म्हणजे अंधश्रद्धा. लाज नाही वाटली मला तेव्हा.

त्यांच्यात एक बाई होती, चाळिशीची, नवरा नसलेली. मुलीला डहाणूला होस्टेलवर ठेवून शिकवत होती, ती याच पगारावर. तिच्यासारखं वेचणारं दुसरं कोणी नव्हतं. गप्पा मारता मारता बोटांना केस लागायचा तिच्या, बघावंही लागायचं नाही. एकदा मुलगी तापाने फणफणली म्हणून हिने भगताकडून आपल्याच हाताला काळा दोरा बांधून आणला. मी कापला. ती म्हणाली, "मॅडम, तो द्या मला. कचऱ्यात नाही टाकत आम्ही, वाहत्या पाण्यात सोडतात." मी तिच्यासमोर तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. तिने खाली वाकून डब्यातून काढला, कागदात गुंडाळला आणि बाहेर पिशवीत ठेवून आली. सगळ्यांदेखत. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाकडून कापडाचा तुकडा आला. पांढऱ्यावर लाल-पिवळी रेघ. सोबत त्यांनी सुतातून उसवून काढलेला धाग्याचा तुकडाही पाठवला होता. तो बघितला आणि माझा हात आपोआप घड्याळाकडे गेला. पट्ट्याखाली काही नव्हतं. कधी झिजून गळला, कोण जाणे.

शेठ खात्यात येऊन गुजरातीत ओरडायला लागले. गिऱ्हाईक विचारतंय, कोणाला काढलं ते कळवा. एक नाव आत्ताच्या आत्ता पाहिजे, नाहीतर वेचाई बंद. खड्ड्यात गेली ती सवलत, परदेशी गाठी परत मागवतो.

खरं तर मी म्हणू शकले असते की दोरा गाठीतूनच आला असेल, शेतातून काय काय येतं. कदाचित शेठनी ऐकलंही असतं. पण मी तिच्याकडे बोट केलं. "हिच्या हातात दोरा होता. मी पकडला होता."

"माझा काळा होता," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघितलाय." तिने बायकांकडे बघितलं. मीही बघितलं, जरा डोळे वटारून. सगळ्या माना खाली घालून कापूस वेचायला लागल्या. मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, लाल तर तुमचा होता. कुठे गेला?"

"मी दोरा बांधतच नाही," मी म्हणाले.

शेठना काळा-लाल करायला वेळ नव्हता. तिने टोपी काढली, घडी घालून टेबलावर ठेवली आणि गेली. दुपारी डबा खाताना त्या दिवशी माझ्याशेजारी कोणी बसलं नाही. बसू नका, मी मनात म्हटलं, माझं काय अडलंय!

आठवड्याने ती फाटकावर आली. हद्दीपलीकडे गुजरातेतही एका गिरणीने त्याच सवलतीपायी देशी कापूस सुरू केला होता आणि तिथे वेचाईला बायका घेत होते, पण आधीच्या कामाचा दाखला मागत होते. ती भांडली नाही. "मॅडम, झालं ते झालं. मुलीची परीक्षा आहे. दोन ओळी लिहून द्या."

ही तिथे लागली, तर कधीतरी कोणाला तरी सांगेल की दोरा कोणाचा होता. तिला मराठी वाचता यायचं, सहीही झकास करायची. म्हणून मी दाखला इंग्रजीत लिहिला. कामात निष्काळजी, मनाई असताना अंगावर दोरा बाळगते, त्यामुळे माल परत आला, कामावर घेऊ नये. खाली गिरणीचा शिक्का मारला.

तिने कागद दोन्ही हातांनी घेतला. खालचा शिक्का बघून तिचा चेहरा जरा उजळला.

"चांगलं लिहिलंय ना, मॅडम?"

"चांगलंच लिहिलंय," मी म्हणाले. "आजच जाऊन दे."