शेवटच्या राक्षसाची धून

गेम खेळून पोरगं वाया जातं म्हणतात, पण कटंगीचा हेमराज त्यातूनच कमावता झाला. लहानपणच्या व्हिडिओ गेममधल्या धुनांवर पॉपचा ठेका चढवून तो बालाघाटकडच्या वरातींत धुमाल पार्टीत, म्हणजे ढोल-ताशे आणि मोठ्या स्पीकरच्या बँडमध्ये, इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवायचा.

इकडची रीत अशी, की दोन वराती चौकात समोरासमोर आल्या तर दोन्ही धुमाल भिडतात आणि जी पार्टी आधी थांबेल तिची वरात मागे सरते. त्या दिवशी वरात निघतानाच पार्टीचा मालक महागूने हेमराजला बजावलं होतं, "आज थांबला तं कामावरून गेला समज."

चौकात समोर आलेली किरनापूरची पार्टी हटेना, तेव्हा हेमराजने हुकमी पत्ता काढला. शेवटच्या राक्षसाशी लढतानाची धून! एवढंच विसरला, की दोन्हीकडची पोरं तोच गेम खेळून मोठी झाली होती. या धुनेवर काय करायचं ते त्यांच्या हातांना पाठ होतं. आधी ठोसे पडले, मग पट्टे निघाले, मग खुर्च्या. एकाचं नाक फुटलं, एकाचे दात सांडले. हेमराजच्या उजव्या बोटांवर काठी बसली, तरी गडी डाव्या हाताने वाजवतच राहिला. तेवढ्यात पोरांनी समोरच्या नवरदेवाला घोडीवरून खाली ओढलं आणि एकाने त्याच्या डोक्यावर दगड उगारला.

हेमराजने पॅडची वायर उपटली.

धून तुटली तशी हाणामारीही थांबली. दगडवाला पोरगा गोंधळून स्वतःच्या हाताकडे पाहू लागला.

महागूने हेमराजच्या कानाखाली जाळ काढला. "काहून थांबला बे? हारलो ना!"

"हौ, हारलो," हेमराज रक्त थुंकत म्हणाला. "पन मर्डर तं नाही झाला ना, भाऊ."

महागूला ते पटलं नाही. त्याने आणखी एक ठेवून दिली आणि बजावल्याप्रमाणे हेमराजकडून पॅड काढून घेऊन गाडीत टाकला.