गळाला लागलेली मरळ परत सोडताना

"सुट्टी दोन दिवसांची, आणि तुला मासेच दिसतात!" बायको म्हणाली. दिसतात, नाकारत नाही. फुलचूरहून पहाटे मोटारसायकल काढली. आमच्या जिल्ह्यातलं गोरेगाव, मग कोहमारा करत नवेगाव बांध दोन तासांत. नाश्ता कोहमाऱ्यालाच उरका, आलुबोंडा गरम मिळतो.

तिथल्या मोठ्या तलावाशी जरा थांबून केशोरीच्या वाटेवरच्या एका बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, पोचलो. बोडी मासेमारी करणाऱ्या ढिवर बायकांच्या गटाची. गटातल्या सुकवंताबाई पाहुण्यांना शंभर रुपयांत जेवू घालतात, विचारलं तर गळही टाकू देतात. गवताकडेला पाण्यात माशांच्या बारीक लाल पिल्लांचा घोळका दिसला. तिथेच गळ टाकला. हिसका असा बसला की मी चिखलात आपटलो. हातभर मरळ! ओल्या पोत्यात घालून मिरवत बाईंच्या अंगणात नेली.

त्यांनी पोतं उघडलं. "तिथं वर लाल पोरं व्हते का जी?"

"होते ना, ढीगभर."

"मंग कायले आणलं इले? माय-बाप पोरं राखून राह्यले व्हते. भुकेनं नाही, रागानं धरला तिनं गळ. उठा, गाडी काढा!"

मरळ हवा घेते, ओल्या पोत्यात तगते, एवढंच नशीब. मागे बसून बाई बोलत होत्या. काही वर्षांपूर्वी गटाने बोडीत गवत्या माशाचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडलं. त्याने पाणगवत फस्त केलं, मरळीला अंडी घालायला जागा उरली नाही. "आमीच केलं, कोनाले बोलावं?" मग तीन उन्हाळे बायकांनी आटलेल्या तळात हाताने गवत लावलं. मरळीची पिल्लं यंदा पहिल्यांदा दिसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोडीवर आलो तर पिल्लं पांगली होती, दुसरे मासे त्यांना टिपत होते. मरळ सोडली. ती खाली गेली, दिसेना.

"रोहू लाखानं अंडे टाकते अन् निघून जाते," बाई म्हणाल्या. "इचे थोडे, पन सोडत नाही."

अर्ध्या तासाने लाल घोळका पुन्हा जुळला, आधीपेक्षा लहान. खाली काळी पाठ हलली. तीच की तिचा जोडीदार, बाईंनाही सांगता आलं नाही. जेवायला वांग्याची भाजी मिळाली. मी मान खाली घालून जेवलो.

घरी बायकोला रिकामं पोतं दाखवलं. महिन्याने न राहवून बाईंना फोन केला.

"पोरं किती उरले?"

"मोजले नाही. बोटभर झाले, आता लाल नाही राह्यले. तुमी या जी पाहाले. गळ घरी ठेवून या."