काठमांडूत आई हरवली

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा चिखलीहून आई-बाबा आणि मी पशुपतिनाथाच्या दर्शनाला नेपाळात गेलो आणि महिनाभर राहिलो. तिथं एका सकाळी आई धर्मशाळेतून नाहीशी झाली. बाबांनी पोलिसाला हिंदीत तिची खूण सांगितली, "हिरवं लुगडं, आवाज मोठा."

"मग सापडेल," पोलीस म्हणाला.

मागच्याच गल्लीत ती सापडली. एका नेपाळी बाईच्या चुलीपाशी बसून मक्याच्या भाकरी थापत होती.

"काऊन धावून राह्यले? हिनंच बोलावलं मले," ती म्हणाली.

बाबांना धाप लागली होती. "तुले नेपाळी कुठं येते?"

"तिले तरी वऱ्हाडी कुठं येते?"

त्या बाईनं पाट मांडला. बाबा जेवायला बसले.