दाजी वर आले त्या दिवशी

दाजींना वर मीच नेलं. एवढं आधीच लिहून टाकतो, नाहीतर त्यांच्या सचोटीबद्दल चार चांगली वाक्यं लिहून होतील आणि खरी गोष्ट राहूनच जाईल. वसंतदाजी म्हणजे माझ्या शोभाअक्काचे मिस्टर. महापालिकेत बांधकाम तपासणीस होते, रिटायर होऊन वर्षभर झालं असेल. बुद्धपौर्णिमेच्या दुपारी अक्काला सोडायला ते पिंपळे गुरवला आमच्या घरी आले आणि नेहमीसारखे खालच्या गाळ्यात खुर्ची ओढून बसले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, ‘‘दाजी, साहेबकी संपली आता. आता तरी वर चला, नातीला बघा.’’ ते हसले, चपला काढल्या आणि माझ्यामागून तिसऱ्या मजल्यावर आले. वाटीतली खीर निम्मी झाली असेल नसेल, छातीवर हात ठेवून ते भिंतीला टेकले. अँब्युलन्स वेळेत आली, पण स्ट्रेचर आमच्या जिन्याच्या वळणावर अडकलं. उभं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं... शेवटी ते रिकामंच खाली गेलं आणि दाजींना प्लास्टिकच्या खुर्चीत चादरीने बांधून आम्ही उतरवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अटॅक मोठा होता, लवकर आणलं असतं तरी कदाचित फरक पडला नसता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, मी मात्र अजून त्या ‘कदाचित’पाशीच बसून आहे.

आमचे वडील धाराशिवकडून इथे कारखान्यात आले आणि पै पै जोडून त्यांनी एक गुंठा घेतला. मी चाकणच्या कंपनीत लागलो. पोराचं लग्न ठरलं तेव्हा वर आणखी दोन मजले चढवायचे ठरवले. परवानगीच्या भानगडीत आमच्या गल्लीत कुणीच पडत नसे. जोडून सुट्ट्या आल्या की स्लॅब टाकायचा, हा आमच्याकडचा रिवाज. कचेरीला कुलूप लागलं की मिक्सर यायचा आणि कचेरी उघडेपर्यंत वर पाणी मारणं चालू असायचं. अडचण एकच होती, आमचा भाग दाजींच्याच हाताखाली येत होता. मग मी डोकं चालवलं. त्यांच्यापासून लपवायचं कशाला, स्लॅबच्या दिवशी त्यांनाच जेवायला बोलवू, पूर्ण पोशाख देऊ, घरादारासमोर जावयाचा मान करू. मान घेतलेला जावई सासरच्या घरावर बोट ठेवील कसा? आमच्या अख्ख्या खानदानाला हे गणित पटलं.

दाजी आले, जेवले, पोशाखही घेतला. मग हात पुसत जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. गाळा मोठा निघावा म्हणून मी जिना आकसून घेतला होता, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. ठेकेदाराने एकदा सांगून पाहिलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

‘‘वरून आजारी माणूस उतरवायची वेळ आली तर कसा उतरवशील?’’ दाजींनी विचारलं.

‘‘आमच्याकडं कोण आजारी पडतंय, दाजी?’’

सगळे हसले. ते हसले नाहीत, अक्काकडे त्यांनी पाणी मागितलं.

सुट्टी संपली त्या दिवशी नोटीस आली. हे घर नात्यातलं आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं त्यांनी वरिष्ठांना सांगून पाहिलं होतं म्हणे. भाग तुमचा आहे, तुम्हीच जा, असं उत्तर मिळालं. पंच म्हणून सही करायला गल्लीतलं कुणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी कचेरीतली दोन माणसं आणली आणि आमच्या गेटवर स्वतःच्या हाताने नोटीस डकवली. मी फोनवर त्यांना नको नको ते बोललो. घरभेदी म्हणालो. मग ओळखीच्या पुढाऱ्याकडे गेलो, गल्लीतल्या बाकी घरांबरोबर आमचीही फाइल कुठेतरी मुरली आणि मजले तसेच उभे राहिले. कँटीनमध्ये मी ही हकिगत मोठ्या ऐटीत सांगायचो. पुढे दाजींची बदली तळवड्याकडे झाली. त्यात माझा हात नव्हता, पण ऐकून मला बरं वाटलं होतं.

तेव्हापासून दाजी वर आले नाहीत. भांडण केलं नाही, अक्काचं येणं थांबवलं नाही. ती सणावाराला यायची, तिला सोडायला ते यायचे आणि गाळ्यात, माझ्या मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचे. चहा खाली जायचा. आम्ही वर बसून त्यांची टिंगल करायचो, की मजले नियमात बसत नाहीत म्हणून साहेब वर बसत नाहीत. आईचे गुडघे धड होते तोवर ती जावयाला भेटायला खाली उतरायची. पुढे तिला जिना झेपेना, तेव्हा दाजी गल्लीत उभे राहून वर तोंड करून बोलायचे.

‘‘मामी, गोळी घेतली का?’’

‘‘घेतली की. तुमी जेवून जावा.’’

सासू-जावयाचं हे बोलणं सगळी गल्ली ऐकायची. मला त्याची लाज वाटायची, आणि राग दाजींचा यायचा. एकदा वर आले असते तर त्यांचं काय बिघडलं असतं, असं मी अक्कालाही विचारलं होतं. ती म्हणाली होती, ‘‘तू त्यांना विचार की.’’ मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी नुसता हात धरून वर नेलं... आणि ते आले, हेच मला सोसत नाही. माझ्या शब्दाखातर त्यांनी एवढ्या वर्षांचा नेम मोडला.

अक्का मला एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मागच्या आठवड्यात मी मिस्त्रीला बोलावून जिना रुंद करता येईल का, ते विचारलं. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि मान हलवली. आत कॉलम आहे, त्याला हात लावला तर वरचं सगळं खाली येईल.

एक गोष्ट मी अजून अक्कालाही सांगितलेली नाही. खुर्ची उतरवताना मी खालच्या बाजूला होतो. वळणावर खुर्ची अडली, माझी बोटं भिंतीला सोलवटली, आणि दाजींचं तोंड माझ्या कानाशी आलं. मला वाटलं, पाणी मागतायत. ते म्हणाले, ‘‘मामींना खाली आण.’’ त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

आता झेरॉक्सचं मशीन हलवून गाळ्यात आईची कॉट टाकली आहे. दाजी खुर्ची ओढून बसायचे, तिथेच तिची उशी येते. गुडघ्यांसाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगितलंय. आईला ते पटलेलं नाही.

‘‘मला एकटीलाच का रं खाली आणलंस?’’ ती रोज विचारते.

मी तिला गोळी देतो, शटर अर्धं ओढतो आणि जिना चढतो. वर आम्ही पाच जण झोपतो. नात धरून.